जाळीचं दार

७ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

आईंच्या डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. उजेड आणि अंधार एवढंच उरलंय म्हणतेस. पण कान शाबूत आहेत ना, मग त्या घर चालवतील. स्वयंपाकघरात पडलेला चमचा लहान की मोठा हे त्या बाहेरच्या खोलीतून सांगायच्या, मी विसरलेले नाही.

आमच्या थिएटरात शुक्रवारी तो नवा सिनेमा लागला. पाच मोठे नट एकाच सिनेमात, म्हणजे पाच जणांचे भक्त एकाच छपराखाली. सकाळपासून फाटकाशी ही झुंबड. तिकीट फाडायला असतो तो पहिलवान (नावाचाच, फुंकर मारली तर उडेल) मला म्हणाला, "बाई, आज तिकिटं राहू द्या, माणसंच फाडली जाणार." तसंच झालं. मध्यंतराच्या आधी एका नटाला गोळी लागते, त्यावर पुढच्या रांगेतल्या एकाने टाळी वाजवली. मागच्याने उठून त्याच्या तोंडावर सोड्याची बाटली फोडली. खेळ थांबला नाही. रक्त पुसायला मला टॉर्च घेऊन आत पाठवलं, तर लोक माझ्यावरच ओरडले, "ए, उजेड बंद कर!" खेळ सुटल्यावर झाडताना खुर्चीखाली एक दात सापडला, मुळासकट. कागदात गुंडाळून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. कोणी मागायला आलं नाही.

एक सांगायचं आहे. त्या सिनेमात लिफ्टचा एक प्रसंग आहे. नावं बदललीत, इमारत वेगळी दाखवली आहे, पण तो आपल्या घरचाच, ह्यांचा प्रसंग आहे. तेव्हा पेपरात आलं होतं ना, त्यावरूनच घेतला असणार. मी पाहिलेला नाही. त्या वेळी मी मागच्या नळावर बादल्या भरत असते. पण ऐकून आहे. तुमच्या गावात लागला तर आईंना नेऊ नका. एवढं माझं ऐक.

तुझी,
वहिनी

१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र यायच्या आधीच आमच्या घरात बातमी येऊन बसली होती, आणि ती आणली ह्यांनी. तुला तुझे नंदावे माहीतच आहेत. त्या मोठ्या नटाचा फोटो पाकिटात, माझा नाही. मी शर्टांच्या कारखान्यातून काज करून दमून घरी आले, तर हे दारातच उभे. "अगं, तुझा दादा सिनेमात आहे!" मला क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि मी पायातली चप्पलही न काढता खाली बसले.

त्यांनी न्हाव्याकडे सांगितलं, पेट्रोल पंपावर सांगितलं, आमच्या फोरमनलासुद्धा सांगून आले. "आमच्या मेव्हण्याला खुद्द त्यांनी मारलंय!" खुद्द त्यांनी म्हणजे त्या नटाने. शेजारची बाई मला जिन्यात म्हणाली, "अभिनंदन हं." मी काय म्हणणार? म्हटलं, "थँक्यू."

आणि हे सगळं आईने ऐकलं. आता तिने हट्टच धरलाय. "माझा मुलगा पडद्यावर येणार आणि मी घरात बसून भिंती ऐकू?" वहिनी, तुला आठवतं ना, लिफ्टमध्ये दादाला मारलं त्या दिवशी तू इस्पितळातून आलीस आणि आईसमोर दोनच वाक्यं बोललीस. त्यांनी दार उघडलं नाही. आणि एकच गोळी लागली, काही कळलंही नाही त्यांना. या दोन वाक्यांवर आई आजवर जगली. भाजीवाला आला तरी त्याला सांगते, "माझ्या मुलाने दार उघडलं नाही." आता तिला वाटतंय, तेच सगळ्या जगाला मोठ्या पडद्यावर दिसणार.

आमच्याकडे पुढच्या शुक्रवारी लागतोय. मला खरं सांग. दादा आला की लोक काय करतात?

तुझी,
धाकटी

२० फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

लोक गप्प होतात. पहिलवान सांगतो की त्या वेळी थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल. काही बायका डोळ्यांना पदर लावतात म्हणे.

पण तरीही आईंना नेऊ नका. गप्प होतात ते तेवढ्यापुरते. बाकी सगळा वेळ थिएटर म्हणजे कत्तलखाना आहे. काल दोन टोळक्यांनी खुर्च्यांचे हात उपटले आणि त्यांनीच एकमेकांना बडवलं. एकाचा कान अर्धा लोंबत होता, तो हाताने धरून उभा, आणि तरी डोळे पडद्यावर. मी म्हटलं, "अरे, दवाखान्यात जा." तर म्हणतो, "शेवट बघून जातो." पाचांपैकी तीन नट शेवटी मरतात. कोण मरतो यावर बाहेर रस्त्यावर पुन्हा मारामारी. अशा गर्दीत दिसत नसलेल्या माणसाला न्यायचं का?

आईंना सांग, पावसाळ्यानंतर मी येते आणि सगळा सिनेमा त्यांना तोंडी सांगते. माझं सांगणं त्यांना आवडतं.

इथे सगळं ठीक. कामाचा ताण आहे. हाताला संत्र्याचा वास लागलाय, कितीही साबण लावला तरी जात नाही.

तुझी,
वहिनी

३ मार्च

वहिनी,

आम्ही गेलो. थांबवणं माझ्या हातात नव्हतं. ह्यांनी तिकिटं काढून आईच्या मुठीत दिली आणि आई मूठ उघडेचना.

तिला माझ्या आणि ह्यांच्या मध्ये बसवलं. सुरुवातीपासून मी तिच्या कानात सांगत होते, आता हा आला, आता तो गेला. ती मान हलवत होती. मग लिफ्ट आली. वहिनी, तू सांगायला हवं होतंस. त्या सिनेमातला लिफ्टमन, म्हणजे आपला दादा, जीव वाचवायला पळून आलेल्या एका माणसाला आत घेतो, आणि तो मोठा नट समोर आला की हसून सलाम करतो आणि स्वतःच्या हाताने दार सरकवतो. त्या माणसाला गोळी. मग नट लिफ्टमनच्या गालाला हात लावतो, "आज माझ्यासाठी उघडलंस, उद्या दुसऱ्यासाठी उघडशील," आणि याच्याही तोंडात पिस्तूल घालून गोळी. मग त्याच्याच स्टुलावर बसून संत्रं सोलतो.

आणि लोक! ते वाक्य सगळं थिएटर नटाच्या आधी म्हणतं. शिट्ट्या. लोक घरून संत्री घेऊन येतात, वहिनी. सालं पडद्यावर फेकतात, मेलेल्या लिफ्टमनवर. हेही उभे राहून ओरडत होते. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि मटकन खाली बसले.

मी तोवर आईच्या कानात सांगत होते, "दादाने दार धरलंय, आई. तो उघडत नाहीये. बघ, घट्ट धरून ठेवलंय." आणि त्याच वेळी ते जाळीचं दार खरखर करत उघडलं. तो आवाज मी विसरूनच गेले होते. दादाने आईला एकदा त्या लिफ्टमधून वर नेलं होतं, स्वतःच्या स्टुलावर बसवून. तिने तो आवाज ओळखला. सालाचा एक तुकडा तिच्या गालावर येऊन चिकटला. तिने तो काढला, हुंगला आणि हातातच ठेवला. "लोक हसले का गं?" म्हणाली. बस्स. बाकीचा सिनेमा माझ्याकडून ऐकून घेतला नाही.

तेव्हापासून नीट जेवत नाही. भाजीवाल्याशी बोलत नाही. परवा मला म्हणाली, "त्याने उघडलं का गं दार?" मी म्हटलं, "काहीतरीच काय, आई, वहिनीने सांगितलं नव्हतं का?" तर म्हणाली, "तिने सांगितलं म्हणूनच विचारते. ती सगळ्यांच्या मनासारखं बोलते. एका गोळीत मेला, काही कळलं नाही, हेही तिनेच सांगितलं. जो लढला त्याला काही कळलं नाही, असं होतं का?"

 खरं सांगू? माझ्याही मनात तेव्हापासून तेच आहे.

आणि आणखी एक. ह्यांचा मावसभाऊ तुमच्या थिएटरात सिनेमा पाहून आला. म्हणाला, "तुझी वहिनी झाडू घेऊन दाराशी उभी होती, टक लावून. पहिलवानाला विचारलं, तर म्हणाला, बाई रोज प्रत्येक खेळाला तेवढ्यापुरत्या येतात." तू तर नळावर बादल्या भरतेस ना? माझ्या भावाला दिवसातून चारदा मरताना बघून तुझं मन भरत नाही का?

धाकटी

८ मार्च

धाकटे,

तुझा राग पोचला. बरोबर आहे.

मी दाराशी उभी असते, खरं आहे. पण गोळीच्या वेळी मी डोळे मिटलेले असतात, हे पहिलवानाला अंधारात दिसत नसेल. मी त्याच्या आधीचं बघते. लिफ्ट वर जात असते, कॅमेरा मागे असतो, आणि लिफ्टमन झालेल्या नटाची पाठ दिसते. छोटा नट आहे, पाटीवर त्याचं नावही नाही. टोपीच्या खाली त्याची मान दिसते. थोडी उन्हाने रापलेली, मधोमध खड्डा, आणि एका बाजूचे केस न्हाव्याने जरा वर कापलेले. अगदी तशी मान आहे, धाकटे. हे कामावरून येऊन पाटावर बसायचे आणि मी मागून ताट वाढायचे, तेव्हा मला रोज दिसायची ती. कुणी मानेचा फोटो काढून ठेवतं का? तेवढी मान बघायला मी जाते. मग डोळे मिटते. मग दिवे लागतात आणि मी सालं झाडते. लोक गप्प होतात हे तुला खोटं लिहिलं, कारण खरं लिहिण्याइतका हात धीट नव्हता.

आता दुसरं. हे पत्र आईंना वाचून दाखवायचं की नाही हे तू ठरव. मी ठरवू शकले नाही, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले.

एक गोळी, काही कळलं नाही, हे मी खोटं सांगितलं.

इस्पितळात ओळख पटवायला मला एकटीला आत सोडलं होतं. छातीवरची चादर मी बघितली नाही, कारण आधी हात दिसला. उजव्या हाताची चारही बोटं राहिली नव्हती म्हटलं तरी चालेल. होती, पण चपटी. हाडांचा चुरा, कातडी फाटून वर आलेली, आणि त्यात जाळीची नक्षी उमटलेली, चौकोन चौकोन, पापड लाटताना पोळपाटाची रेघ उमटते तशी. अंगठा मात्र धड होता. डॉक्टर तरुण होता. त्याने मला विचारलं, "यांनी काय धरून ठेवलं होतं? एवढं मारल्यावर कुणीही सोडतं."

मी त्या इमारतीत गेले. दाराचा खटका कधीपासून बिघडलेला होता, ते तुला आठवत असेल. हे तक्रार करून थकले होते आणि प्रत्येक फेरीला जाळीत बोटं घालून दार हाताने ओढून धरायचे. दार पुरतं मिटलं नाही तर लिफ्ट हलत नाही. त्या दिवशी मारेकऱ्यांनी फटीत लोखंडी गज घातला होता. आत आसऱ्याला आलेला तो भेदरलेला माणूस, बाहेर चौघं, आणि मध्ये ह्यांची बोटं. पहिल्या मजल्यावरच्या बाई जिन्यात थिजून उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, लोखंडावर लोखंड आपटत होतं, पुन्हा पुन्हा, आणि मधूनच एखादा ठोका वाजायचाच नाही. जो वाजायचा नाही तो बोटांवरचा. हे ओरडत होते. शिव्या देत नव्हते, गयावया करत नव्हते, नुसते ओरडत होते. पण दार सरकल्याचा आवाज त्यांना बराच वेळ आला नाही. मग आला. मग गोळ्या. ह्यांना तीन लागल्या.

त्यांनी दार उघडलं नाही. बोटं संपली तेव्हा ते उघडलं.

आईंना हे कसं सांगायचं होतं मी? ज्या हाताला त्यांनी पहिल्यांदा पेन्सिल धरायला शिकवलं, त्या हाताचं? मला वाटलं, दुखणं तेवढं मी ठेवते, अभिमान त्यांच्याकडे राहू दे. पण दुखणं काढून घेतलं तर अभिमानही राहत नाही, हे मला तुझ्या पत्राने कळलं.

वहिनी

१४ मार्च

वहिनी,

मी आधी एकटीने वाचलं. मग कारखान्यात गेले आणि दिवसभर एकही काज सरळ आलं नाही. फोरमन म्हणाला, "आज सुई झोपली का?" मी म्हटलं, "सुई नाही, मीच." संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. गाळला असता तर तिला आवाजावरून कळलं असतं.

हे दारात उभे राहून ऐकत होते. मध्येच आत गेले. पाकिटातला तो फोटो त्यांनी काढून टाकलाय, मी पाकीट बघितलं.

आई रडली नाही. म्हणाली, "तुझा हात दे." मी उजवा दिला. तिने एकेक बोट दाबलं. "हे?" मी म्हटलं, "हो." "आणि हे?" "हो." करंगळीपर्यंत गेली. मग अंगठा धरला आणि बराच वेळ सोडला नाही. इतक्या जोराने की मला दुखलं. मग म्हणाली, "वाढ गं मला." दोन वेळा मागून घेऊन जेवली. जेवून झाल्यावर म्हणाली, "कागद घे." खालचं तिचं आहे, जसंच्या तसं.

"सूनबाई, तू माझ्याशी खोटं बोललीस, ते मी माफ करणार नाही. तो ओरडला आणि मला ऐकू दिलं नाहीस. मी त्याची आई आहे, त्याचं पहिलं ओरडणं मी ऐकलंय, शेवटचं पण माझंच होतं. माझ्या वाटणीचं दुखणंसुद्धा तूच ठेवून घेतलंस, एकटीने, इतकी वर्षं. एवढं एका माणसाने उचलायचं नसतं, बाई. पाठ मोडते. आता इकडे ये. आणि येताना त्या मानेचं नीट बघून ये. मला दिसत नाही, तू सांग. पण या वेळी माझ्या मनासारखं सांगू नकोस. जशी आहे तशी सांग."

कधी येतेस?

तुझी,
धाकटी

२२ मार्च

आई,

गुरुवारी आमच्याकडचा सिनेमा उतरला. त्या आधी तुमचं काम केलं.

मान नीट बघितली. खरं सांगते, तशी नाही. त्या नटाची मान बारीक आहे, आणि खड्डा जरा डावीकडे आहे. ह्यांचा मधोमध होता. केस वर कापलेले आहेत, पण दोन्ही बाजूंनी. इतके दिवस मी जे बघत होते ते मीच तिथे लावलेलं होतं.

ते कळलं आणि मला आत राहवेना. दुपारचाच खेळ होता, शेवटच्या दिवसाचा, थिएटर भरलेलं. लोकांनी संत्री सोलायला सुरुवात केली, वास आला. मी झाडू घेऊन मधल्या वाटेने खाली चालत गेले. पहिलवान मागून हाका मारत होता, "अहो बाई, अजून संपला नाही!" पडद्यासमोर तो लाकडी ओटा आहे ना, त्यावर चढले आणि झाडायला लागले. अजून एकही साल पडलं नव्हतं, तरी झाडायला लागले.

आधी हसले. मग शिव्या. मग सालं, मग अख्खी संत्री. एकाने बाटली मारली, ती इथे भुवईवर लागली. रक्त डोळ्यात गेलं तरी मी खाली उतरले नाही. कारण वर बघितलं तर पडद्यावर माझी सावली पडली होती. केवढी मोठी, आई. झाडूसकट. नेमकी त्या जाळीच्या दारावर. मी दोन्ही हात पसरून उभी राहिले. मागून तो खरखर आवाज आला, तो मला थांबवता आला नाही. पण दार उघडलेलं त्या खेळाला कुणालाही दिसलं नाही.

पहिलवानाने मला खाली उतरवलं. तोही रडत होता, आणि वर म्हणतो, "बाई, तुमची नोकरी गेली बरं का." गेलीच. मॅनेजरने दारातच सांगितलं. भुवईवर टाके पडलेत, डोळा सुजून मिटलाय. म्हणजे आता आपल्या दोघींत मिळून एकच डोळा. आल्यावर तुमच्या बोटांनी बघा, किती लागलंय ते. मी काही लपवणार नाही.

रविवारच्या गाडीने निघते.

तुमची,
सून